पडद्यावरचं ‘बंद’

मास्टर आणि स्लेव्ह ही माझ्या दोन बोर्डांची नावं ऐकून चाचा हसले होते. "साहेब अन् नोकर का? मंग नोकराला खायला तरी घाल." मस्तगडात त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात एका टेबलावर मी माझी सर्किटं जुळवायचो. मी त्यांना समजावलं की मास्टर एकेकाला नंबरानं हाक मारतो आणि ज्याचा नंबर त्यानंच ओ द्यायची.

शहागडला एका मोसंबीवाल्याच्या शेतात आम्ही दोघांनी हे बसवलं. स्लेव्ह खाली गोदावरीकाठी, मोटारीच्या पेटीत. मास्टर वर खोलीत. मधे लांबच लांब दोन वायरी. खोलीतल्या दिव्याला गावची लाइन होती, मोटारीची थ्री फेज निराळी, तिच्या वेळेला यायची. ती आली की नाही ते पडदा सांगायचा, ‘चालू’ किंवा ‘बंद’. कधी कधी खालून उत्तरच यायचं नाही आणि पडदा लुकलुकायचा. मालकानं कटकट सुरू केली. मग मी आळशीपणा केला. उत्तर नाही आलं तर आधीचंच दाखव, असं प्रोग्राममध्ये लिहून टाकलं. पडदा शांत झाला. मालक खूश, मीही खूश.

पुढे ती मोटार जळाली. वाइंडिंग करून आणल्यावर चाचांनी खोलीत डोकावून पडदा वाचला आणि ती जोडायला खाली गेले. टेस्टर खिशातच होता. पण आयुष्यभर टेस्टर लावणाऱ्या माणसाला पडद्यावर विसंबायची सवय मीच लावली होती. मी टेम्पोतून सामान उतरवत होतो तेव्हा ओरडणं ऐकू आलं.

त्यांना गाडीत घालून नेल्यावर मी खोलीत गेलो. पडद्यावर अजून ‘बंद’च होतं. मास्टरची एक वायर स्क्रूतून निसटली होती. मी ती बसवली, स्क्रू आवळला. पडदा ‘चालू’ झाला. मागून मालक आला, त्यानं तेवढंच पाहिलं. "एवढं दिसत असताना हात घातला? वय झालं त्यांचं," तो म्हणाला. मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

चाचांची दोन बोटं गेली. ते त्यांनी फार मनावर घेतलं नाही. आपले डोळे दगा देतात, हे मात्र त्यांच्या मनात बसलं. चष्मा दोनदा बदलला, शेवटी दुकान बंद केलं. आता घरातल्या पंख्याचं बटण दाबायचं तरी चाचींना विचारतात.

मी सगळीकडचा प्रोग्राम बदलला. तरी नवा बोर्ड लावला आणि उत्तर यायला क्षणभर उशीर झाला, की मी सगळे स्क्रू पुन्हा आवळत सुटतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. भर दुपारीसुद्धा मला मागे दारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं.

गेल्या ईदला त्यांच्याकडे गेलो होतो. तीन बोटांच्या हातानं त्यांनी शिरखुर्म्याची वाटी पुढे केली.

"बेटा, तू त्या दिवशी खोलीत गेल्तास. खरं सांग, बंद होतं का? मी बराबर वाचल्तं का?"

"मी गेलो तेव्हा चालू होतं, चाचा."

त्यांनी मान हलवली. "मंग डोळेच," म्हणाले, आणि मला आणखी थोडा शिरखुर्मा वाढला.