कुंदावहिनींची मोंद्यूज

कुंदावहिनी वाइनची बाटली कधी पिशवीत घालून आणत नसत. गाडीतून उतरल्या की ती हातात, लेबल बाहेर. न्यूझीलंडला, ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातल्या आमच्या गल्लीत मराठी घरं बरीच होती, आणि वहिनींचे यजमान श्रीधरराव जाऊन वर्षही झालं नव्हतं. "पडद्याआडून बघणाऱ्यांचे कष्ट वाचतात," त्या म्हणत.

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. वाइन एकच, मोंद्यूज. फ्रान्समधल्या आल्प्सच्या कुशीतली, गडद जांभळी, जराशी आंबट, मिरीच्या वासाची. वहिनी आणि श्रीधरराव दोघंही चीजच्या कारखान्यांत यंत्रं बसवणारे इंजिनियर. कामासाठी एक हिवाळा तिकडे राहिले, तेव्हा सॉसेज आणि डोंगरी चीजबरोबर ती प्यायले आणि तिचेच झाले. ऑकलंडचा एक दुकानदार ती त्यांच्यासाठी मागवून द्यायचा. वहिनींनी तिची सोयरीक मटणाच्या सुक्याशी जुळवली. "मिरी सढळ हातानं, मिरची बेतानं. जाळ केलात तर वाइन कडू लागते. आणि जरा गार करून घ्या, कोमट प्यायची तर काढाच प्या की."

श्रीधररावांच्या वाढदिवसाला त्यांनी आम्हा नवराबायकोला आणि धाकटे दीर विनायकराव, जाऊ शैला यांना जेवायला बोलावलं. टेबलावर सुकं, भाकरी, हरणाच्या मांसाचं सॉसेज, चीज आणि मधोमध बाटली. विनायकराव बसलेच नाहीत.

"वहिनी, ती आत ठेवा. दादा गेल्यावर हे शोभत नाही."

"ते होते तेव्हा अर्धी बाटली माझीच असायची. तुम्ही इथेच बसून जेवायचात."

"तेव्हाचं वेगळं होतं. लोक आता आम्हाला विचारतात."

"मग सांगा ना, वहिनी पितात म्हणून. नवरा गेलाय माझा, भावजी. जीभ नाही गेली."

"काका, इट्स डॅड्स बर्थडे," वहिनींची मुलगी ऋता हळूच म्हणाली. "कॅन वी जस्ट ईट?"

विनायकरावांनी गाडीच्या किल्ल्या उचलल्या. "शैला, चल."

नवऱ्यासमोर शैलाचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. ती भाकरी मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. माझं पान वाढून झालंय."

बाहेर गाडी सुरू झाली, निघून गेली. वहिनी ग्लास भरू लागल्या. थोडी वाइन टेबलक्लॉथवर सांडली. शैलानं वाइन घेतली नाही. सुकं मात्र पुन्हा मागून घेतलं.

विनायकराव त्या घरी परत आले नाहीत. वर्षश्राद्ध त्यांनी स्वतःच्या घरी केलं, वहिनींना फक्त वेळ कळवली. वहिनी गेल्या, सगळ्यांच्या पुढे बसल्या, जेवून आल्या.

पुढे वहिनींना टौरंगा शहरात नोकरी मिळाली आणि त्यांनी घर हलवलं. सामानाचा ट्रक भरत असताना मी म्हटलं, "वहिनी, तिकडे सगळे नवे लोक. जरा सांभाळून राहा."

"सांभाळून म्हणजे दार लावून ना? ते नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच रविवारी शेजाऱ्यांना जेवायला बोलावणार आहे. ज्यांना उठून जायचंय, ते तेव्हाच जातील."