धायरीतली जर्मन शेती

मंडळी, आज ऑफिसात जर्मन प्रोजेक्टसाठी माझा इंटरव्ह्यू झाला, तोही जर्मन भाषेत. माझं जर्मन क्लासचं नाही, शेतीच्या ऑनलाइन गेममधलं. जर्मनीतल्या पोरांशी बोलत बोलत नांगरायचं, पेरायचं.

समोरच्या जर्मन बाईंनी विचारलं, "रविवारी काय केलंत?"

मी न अडखळता सांगितलं, "गहू काढला. ट्रॅक्टर चिखलात रुतला, शेजाऱ्याने ओढून काढला."

"अरे वा! शेती कुठे आहे?"

"गेममध्ये. खरी धायरीत होती. तिथे आता आमची सोसायटी आहे."

निवड झाली!

घरी येऊन गेम लावला. "खेळ बंद कर" म्हणणारे वडील आज शेजारी येऊन बसले. "गव्हाला एवढं खोल नांगरत्यात व्हय? सरक बाजूला."

हेडफोनमधून जर्मन पोरं विचारतायत, आज कोण चालवतंय?

मी सांगून टाकलं, शेताचे मालक आलेत. बरोबर ना?