अकरा घरांचा तांदूळ

भागू जुन्नरच्या कॉलेजात जेमतेम साडेचार महिने होता. साल ब्याण्णव. दिवाळीच्या सुट्टीत तळेघरला आला, तर वडील अंथरुणाला खिळलेले. तो परत गेलाच नाही. गादी आणि वह्या वसतिगृहातच राहिल्या.

सात वर्षांनी तो त्याच वसतिगृहाच्या मेसमध्ये शिरला, मागच्या दाराने. आचारी तेच होते, राजुरीचे दादाभाऊ. डोंगरातला तांदूळ इथं चालेल का, असं भागूने विचारलं. निम्मी पोरं डोंगरातलीच, त्यांना घरचा घास मिळेल. दादाभाऊंनी वर विचारून होकार दिला. आधी चार पोती आण म्हणाले, मग बघू.

तळेघरात कुणाचीच खाचरं चार पोती देण्याएवढी नव्हती. अकरा घरं तयार झाली. भागूच्या आईने, सखूबाईने, आपला रायभोग तांदूळ स्वतः उखळात सडला. ते बियाणं तिच्या माहेरचं. देवाच्या उत्सवाला गावात रीत अशी, की सगळ्यांचा तांदूळ एकाच ताडपत्रीवर ओतायचा. कुणाचा दाणा जाड, कुणाचा बारीक, हे देवापुढं दिसू नये. कॉलेजसाठीही तसंच केलं. लवकर पिकणारा हळवा, उशिरा पिकणारा गरवा, नवा, जुना, सगळा एका ढिगात कालवला आणि पोती शिवली. यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. भागूला तर भरून आलं होतं.

पोती पोचवल्यावर चौथ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरकडून दादाभाऊंचा निरोप आला, लगेच ये. भागू घोडेगावला गाडी बदलून जुन्नरला पोचला तेव्हा पंगत बसली होती. दादाभाऊंनी त्याला पोरांमध्ये बसवलं आणि ताट वाढलं. निम्मी शितं लगदा झाली होती, निम्मी दाताखाली कचकचत होती.

शेजारचा पोरगा म्हणाला, "भाऊ, यातला शिजल्याला कुठला ते दावा, तेवढाच खातो."

पोरं हसली. भागू मान खाली घालून जेवत राहिला. त्याला घासागणिक घरं कळत होती. हे मऊ गेणूचं. हे टणक साळुबाईचं. आईचाही दाणा लागला.

पोरं उठून गेल्यावर दादाभाऊ जवळ बसले.

"तांदूळ वाईट न्हाई रे. येगयेगळा शिजवला तर सगळाच ग्वाड लागंल. पर माझं पातेलं एकच हाय. सगळ्या घरांनी एकच बी लावा. कंचं, ते तू सांग. तुझ्या घरचं म्हनलास तरी माझी ना न्हाई."

भागूने गावची खाचरं मनात मोजली. रायभोगाला उशिरापर्यंत पाणी लागतं. तो दोन-तीन ओलसर खाचरांतच येतो आणि उतारा कमी देतो. बाकीच्या घरांनी काय करायचं?

"गेणूची इंद्रायणी," तो म्हणाला. "ती समद्यांकडं व्हईल."

घरी सखूबाई दारातच उभी होती. तिने एवढंच विचारलं, "माझा खाल्ला का रं पोरांनी?"

"खाल्ला की. आहुप्याचा एक पोरगा हाय, भगवंत म्हनून. त्यानं तर दोनदा मागितला."

असा कुणी पोरगा नव्हता.

पुढच्या हंगामापासून इंद्रायणी जाऊ लागली. ती मेसला आवडली आणि दर महिन्याला पोती जात राहिली. सखूबाईने मात्र एका खाचरात रायभोग ठेवला. पोती निघाली की भगवंतासाठी एक बोचकं बांधून द्यायची. दादाभाऊ ते राजुरीला आपल्या घरी न्यायचे. भागू परतला की ती भगवंताची चौकशी करायची. भागू सांगायचा. मराठी घेतलंय त्यानं. अक्षर लई चांगलं हाय. गॅदरिंगला नाटकात काम केलं. सांगताना तो थांबायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, तो स्वतःही कॉलेजच्या बाकावर बसून आलाय.

तिसऱ्या वर्षी त्याने सांगितलं, भगवंत बी.ए. झाला.

सखूबाई सूप बाजूला ठेवून म्हणाली, "चांगलं झालं. मंग आता येईल घरी. आईबाप वाट बघत असतील."

भागूने उंबऱ्यावर बसून चपला काढल्या.

"न्हाई आई," तो म्हणाला. "त्यो पुढं शिकाया पुन्याला जायचाय."