नवऱ्याला नावानं हाक मारणारी नायिका

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. रक्कम पाच हजार रुपये. हजर तिघे: बक्षीस देणारे तूरडाळीचे व्यापारी, ज्यांना गंजात, म्हणजे इथल्या धान्यबाजारात, सगळे अप्पा म्हणतात, शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई, आणि मी. मी गुलबर्ग्यात एका कॉलेजात हिशेबाचं काम बघतो आणि आमच्या छोट्या मराठी वाचक मंडळाचा खजिनदार आहे. बैठक अप्पांच्या अडतीमागच्या खोलीत होती. दोन हस्तलिखितांतून एक निवडायचं होतं.

बक्षीस ऐतिहासिक प्रेमकादंबरीलाच द्यायचं, ही अप्पांची अट. त्यांच्या पत्नी दुसरं काही वाचत नसत. त्या गेल्यावर दोन कपाटं भरून कादंबऱ्या मंडळाकडे आल्या. त्या लावून ठेवायचं काम माझ्याकडे होतं, आणि लावता लावता मी वाचायला लागलो. पन्नाशीतल्या माणसानं हे असलं वाचावं याचं माझ्या घरी हसू झालं. बायको अजूनही विचारते, "राणी मिळाली का?"

तर वाचक म्हणून माझी मतं सांगतो. या कादंबऱ्यांत घोडा पाणी पीत नाही. नायक संध्याकाळी निघतो आणि पहाटे तिथं पोचतो, जिथं आमची एसटी दुपारी पोचते. प्रत्येक किल्ल्याखाली नदी असते, कारण सज्ज्यात उभ्या नायिकेला खाली बघायला काहीतरी हवं असतं. आमच्या शेजारच्या बिदरच्या किल्ल्याभोवती खडकात खोदलेला खंदक आहे, नदी नाही. पण कपाटातल्या एका कादंबरीत तिथंही होडी चालते. दगड लाल आणि भोकाभोकाचा आहे, तो पुस्तकात पांढराशुभ्र होतो. लढाई अर्ध्या पानात संपते आणि निरोप चार पानं चालतो. हा शेवटचा मुद्दा मी आधी दोषात धरायचो. आता धरत नाही. लढाई कशी झाली ते इतिहासाच्या पुस्तकात मिळतं. निरोप कसा घेतला ते मिळत नाही, म्हणून तर कादंबरी घ्यायची.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. पुष्कळ कादंबऱ्यांत दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. तो चंद्राशी बोलतो, ती सखीशी बोलते, आणि शेवटी लग्न होतं.

त्या रविवारी समोर असलेलं पहिलं हस्तलिखित असंच होतं. लिहिणारे इथलेच एक डॉक्टर. टाइप केलेलं, स्वच्छ, सनावळी तपासलेली. मी चूक शोधायला बसलो आणि एकही सापडली नाही. पण राजा आणि राणी पौर्णिमेच्या रात्री गच्चीवर येतात आणि शेतसाऱ्याविषयी बोलतात. शेतसाऱ्याचे आकडे बरोबर होते, हे मान्य करतो.

दुसरं हातानं लिहिलेलं होतं, शाळेच्या लांब वह्यांत. ते द्यायला लिहिणारी स्वतः ऑक्टोबरात माझ्या घरी आली होती. बिदरजवळच्या कमठाण्याच्या बाजूच्या एका गावातली, शेती आणि किराणा दुकान असलेल्या घरातली सून. शाळा कानडीत झालेली, मराठी घरात आणि पुस्तकांतून शिकलेली. बरोबर सासू होती. सुनेनं वह्या माझ्या हातात दिल्या. बोलल्या त्या सासूबाई. धाकट्या लेकीचं लग्न झाल्यापासून दुकानावर बसायला माणूस नाही, ही दुपारभर लिहायलीय, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही लोकं बरं म्हटलाव तर लिहू दे. न्हाई तर संक्रांतीपासून गल्ल्यावर बसंल. आमचं ठरलंय तसं." सून मान खाली घालून चहा पीत होती. ठरलंय ते दोघींत ठरलेलं दिसत होतं.

ही गोष्ट मी बाईंना किंवा अप्पांना सांगितली नाही. निकाल वह्यांवर व्हायला हवा, दुकानावर नाही. पण मला ती माहीत होती, आणि वाचताना मी ती विसरू शकलो असं म्हणणार नाही.

तिची कादंबरी किल्ल्याचा खंदक खोदला जात होता त्या काळातली आहे. पाथरवटाची मुलगी आणि किल्ल्यावरचा एक घोडेस्वार. तो घोड्याला पाणी पाजायला थांबतो, तिथंच ओळख होते. घोडा पाणी पितो हे वाचून मला बरं वाटलं. दोघं बोलतात, भांडतात, पुन्हा बोलतात. चुकाही होत्या आणि मी त्या बाईंसमोर ठेवल्या. त्या काळात आपल्याकडे मिरची आलेली नव्हती, आणि नायिका मिरचीचा ठेचा घेऊन खंदकावर जाते. एका प्रकरणात पावसाळा संपतो आणि पुढच्यात पेरणीची घाई सुरू होते. रब्बी म्हणावी तर शेतात खरिपाची तूर पेरतात.

बाई म्हणाल्या, हे किरकोळ आहे, दुरुस्त होईल. त्यांचा आक्षेप मोठा होता. नायिका पहिल्या भेटीपासून घोडेस्वाराला नावानं हाक मारते. लग्नानंतरही मारते. शेवटच्या प्रकरणात फौज मोहिमेवर निघते, तेव्हा ती तटावरून सगळ्या गावासमोर त्याचं नाव घेऊन ओरडते. आणि त्या नावावर कादंबरी संपते.

"आपल्याकडं आजही बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत," बाई म्हणाल्या. "लग्नात, मंगळागौरीला घेतात, तेही उखाण्यात गुंडाळून. मग त्या काळची पाथरवटाची पोर घेईल? ही मिरचीपेक्षा मोठी चूक आहे. कादंबरीच तिच्यावर उभी आहे, काढायची म्हटली तरी काढता येत नाही."

मला ते पटलं. मिरची चूक असेल तर हीसुद्धा चूक आहे. माझ्या आईनं कधी वडिलांचं नाव घेतलं नाही. रेशन दुकानात विचारलं तर ती मला पुढं करायची. मी तसं बोललो आणि डॉक्टरांचं हस्तलिखित वर ठेवलं.

अप्पांनी वह्या वाचल्या नव्हत्या. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी आपल्या घरच्या सुनेकडून शेवटचं प्रकरण वाचून घेतलं होतं. ते म्हणाले, "बाई, एक विचारू? फौज निघाली म्हणायलाव. शंभर घोडे तर असतील?"

बाई म्हणाल्या, असतील.

"मग शंभर घोड्यांत तिनं 'ऐकायलाव का' म्हटलं तर कोण वळंल? सगळेच वळतील. घरोघरी तेच नाव हाय."

बाई हसल्या. मीही हसलो. अप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "आमच्या घरच्यांनी तीस-बत्तीस वर्षांत माझं नाव एकदा घेतलं. दवाखान्यात भरती करताना. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, नवऱ्याचं नाव? मी गाडी लावून मागून येत होतो. दारातच ऐकलं. मला आधी कळलं न्हाई, कुणाला हाक मारायलेत." मग त्यांनी चहा सांगितला.

कप खाली ठेवून बाईंनी शेवटची वही पुन्हा उघडली आणि ते प्रकरण मोठ्यानं वाचलं. त्या चांगलं वाचतात. हाकेपाशी आल्यावर नेहमीच्याच आवाजात ते नाव वाचलं आणि वही मिटली. "घेत नाहीत हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे," त्या म्हणाल्या. "खेड्यात नांदतेय ती. चुकून नाही लिहिलेलं."

मी म्हणालो, तरी त्या काळाला धरून नाही.

"नसेल. पण मिरची तिनं नकळत घातली आणि हे जाणून घातलंय. दोन्ही एका रकान्यात कशी टाकता तुम्ही?"

अजूनही माझं मत असं, की मिरची काढलीच पाहिजे, तुरीची पेरणी मृगात नेली पाहिजे, आणि ऐतिहासिक म्हणवणाऱ्यानं निदान आपल्या भागातला दगड कोणत्या रंगाचा ते बघून यावं. पण माणसांना जे बोलता येत नव्हतं ते बोलायला लावणं, हे या कादंबऱ्यांचं कामच असेल, तर त्याला चूक म्हणून खूण करता येत नाही. मी माझी खूण खोडली. डॉक्टरांना शिफारसपत्र द्यायचं ठरलं. बक्षिसाला दोन अटी लागल्या: मिरचीच्या जागी मिरी आणि पेरणी वेळेवर. नावाला अट नाही.

चेक लिहायचा म्हणून मी तिथूनच तिला फोन लावला. बक्षीस मिळाल्याचं सांगितलं. ती "व्हय?" म्हणाली. मग मी विचारलं, बँकेच्या पासबुकावर पूर्ण नाव कसं आहे ते सांगा. तिनं स्वतःचं नाव सांगितलं आणि थांबली.

"पुढं?" मी म्हणालो. "नवऱ्याचं नाव?"

"सर, सासूबाई बसल्यात शेजारी," ती हळू आवाजात म्हणाली.

फोन सासूबाईंकडे गेला. त्यांनी सुनेचं नाव, मुलाचं नाव, आडनाव, तिन्ही एका दमात सांगितली. आवाज इतका मोठा की बाई आणि अप्पांनाही ऐकू गेलं. मग त्यांनी विचारलं, "चेक तिच्याच नावानं ना?"

मी हो म्हणालो.

"मग बरं. गल्ल्यावर मीच बसते आता. तिला सांगा, दुसरी वही घे म्हणावं. माझं ऐकंना, रडायलीय उगीच."

बाई माझ्याकडे बघत होत्या. अप्पा चेकबुक काढत होते.

पाच हजार रुपये, त्यातून काही न कापता, कादंबरी लिहिणाऱ्या सुनेला, तिच्या एकटीच्या खात्यावर. पावती मला पोचली आहे. सही तिची आहे, पूर्ण नावानिशी.