माझ्या हातांकडे न पाहणाऱ्या मॅडम

फेलो मॅडम माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी पाहायच्या. आधी पाय, मग हात, मग खांदे. भोरला महिन्यातून एकदा त्यांचं तपासणीचं शिबिर असायचं. दारातून कुणी आत आलं की खुर्ची द्यायच्या आधीच त्या म्हणायच्या, "बसू नका. जरा त्या भिंतीपर्यंत जाऊन या." बायका पदर सावरत चालायच्या, म्हातारे टोपी नीट करून चालायचे. आमच्या गावात, उत्रोलीत, काही जण त्यांना 'चालवणाऱ्या बाई' असंच म्हणायचे.

फेलो हे काही त्यांचं नाव नव्हे. डॉक्टर झाल्यावर, मग मेंदूच्या डॉक्टर झाल्यावरही त्या पुण्यात पुन्हा शिकत होत्या, आणि तेही फक्त हालचालींचे आजार. हात का थरथरतो, पाय का अडतो, मान आपोआप का वळते. या शिक्षणाला फेलोशिप म्हणतात, म्हणून त्या फेलो मॅडम. माझ्या आईला हे पटायचंच नाही. "डोक्यात पांढरं दिसाया लागलं, आन् बाई, तुमची अजून साळा सुटंना?" तिनं एकदा तोंडावरच विचारलं. मॅडम हसून म्हणाल्या, "काय करू मावशी, सर अजून पास करत नाहीत." आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शिकणं इतकं लांब जातं, हे मला माहीत नव्हतं.

मी तिथं जायचे ती आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन. आप्पांचं अंग स्वस्थ राहायचं नाही. चालताना मधेच झोक जायचा, बोटं आपोआप हलायची, भुवया उडायच्या. गावात सगळ्यांची खात्री होती की ते पितात. एकदा एसटीच्या कंडक्टरनं त्यांना भोरच्या अलीकडेच उतरवून दिलं होतं. आप्पांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पण पुढं पुढं आईसुद्धा ते झोपले की त्यांच्या तोंडाचा वास घेऊन बघायची.

पहिल्या दिवशी मॅडमनी आप्पांना चालवलं. जीभ बाहेर काढून तशीच धरून ठेवायला सांगितली, तर ती सारखी आत पळायची. मग त्यांनी आपली दोन बोटं आप्पांच्या मुठीत दिली. "घट्ट धरा, सोडू नका." आप्पांची मूठ आवळायची, सैल व्हायची, पुन्हा आवळायची. आई पलीकडून ओरडली, "अवो, बाईंची बोटं हायती ती, म्हशीची सडं न्हाईत!" आप्पासुद्धा हसले. मॅडमनी मात्र हसता हसता पुन्हा एकदा मूठ धरायला लावली. त्यांच्या पुस्तकातही या पकडीला गवळणीची पकड म्हणतात, हे त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं.

"घरात आणखी कुणाला असं होतं?" त्यांनी विचारलं. आम्ही मूळचे वेल्ह्याकडचे, गुंजवण्याच्या वरच्या वाडीतले. तिथं आप्पांच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, अंगात वारं यायचं. पुढं ते जाईनासंच झालं, जेवतानाही तिचं अंग हलायचं. लोक पाया पडायचे, नारळ ठेवायचे. हे मी थोडं अभिमानानंच सांगितलं. मॅडमनी हळूच विचारलं, "वारं नसताना त्यांना चालताना कुणी पाहिलं होतं का?"

आप्पा म्हणाले, "म्या पायलंय. माज्यावानीच."

आजाराचं नाव हंटिंग्टन. पुण्यात रक्ताची तपासणी झाल्यावर मॅडमनी मला एकटीला बाजूला बसवून समजावलं. आई किंवा वडिलांना असला तर मुलांना येतो किंवा येत नाही, दोन्ही शक्यता सारख्याच. रक्त तपासून आधी कळू शकतं, पण कळल्यावर थांबवणारं औषध नाही. "तपासायचं की नाही, हे तू ठरवायचं. आई नाही, सोयरे नाहीत, मीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. मला स्थळं येत होती तेव्हा.

आप्पांच्या गोळ्यांसाठी आम्ही दर महिन्याला जायचो. शिबिर आटोपल्यावर पुण्याची गाडी येईपर्यंत मॅडम बाहेर आमच्यासोबत बसायच्या. त्यांचे सर दर आठवड्याला रुग्णांचे व्हिडिओ आवाज बंद करून दाखवायचे, आणि आजाराचं नाव घेतलं की रागवायचे. मॅडमना तेच वळण लागलं होतं. मी कुणाकडे बघून "कंपवात का?" म्हटलं, की म्हणायच्या, "आधी नाव नको. आधी दिसतं ते सांग." मग मी सांगायचे, उजवा हात हलतो, डावा हलत नाही. तसं सांगताना मला बरं वाटायचं. नाव नसलं की माणूस माणूसच राहतो.

शिबिराच्या दाराशी एक काका चहाची गाडी लावायचे. चालताना त्यांचा डावा हात हलत नाही, हे मॅडमना दिसलं आणि कप घेता घेता त्या बोलून गेल्या, "काका, आत येऊन दाखवा एकदा. कंपवाताची सुरुवात असेल." काका म्हणाले, "मला काय धाड भरलीय? धडधाकट हाय मी." पुढच्या महिन्यात गाडी तिथं नव्हती, ती स्टँडच्या पलीकडे गेली होती. मॅडम मुद्दाम तिथवर गेल्या. त्यांना बघताच काकांनी डावा हात खिशात घातला आणि एका हातानं चहा गाळून दिला. परत येताना मॅडम म्हणाल्या, "तो हात मी खिशात घालायला लावला." यावरून सरांनी त्यांना फार ऐकवलं असावं. "बघायला शिकवतात गं. ज्यानं विचारलं नाही त्याच्याकडे न बघणं मात्र मला अजून शिकायचंय."

त्यानंतर माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. माझ्याशी बोलताना मॅडम फक्त माझ्या डोळ्यांत बघायच्या. मी चहा पुढे केला की त्यांची नजर रस्त्याकडे. एकदा माझ्या हातून पेला पडला, तर त्या फुटक्या काचांकडेसुद्धा न बघता आप्पांच्या गोळ्यांविषयी बोलत राहिल्या. त्या मला जपत होत्या, हे कळत होतं. पण न बघण्याइतकं त्यांना काही दिसलं होतं का, हा विचार तेव्हा जो डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही. भाकरी थापताना मी माझी बोटं बघते. वर्गात बाकावर हात ठेवून बघते. रोज सकाळी आरशासमोर जीभ बाहेर धरते. राहते. आज राहिली, एवढंच कळतं.

मॅडमची फेलोशिप संपली. त्या त्यांच्या गावाकडे, खूप लांब, जाणार होत्या. शेवटच्या शिबिरात आप्पांनी त्यांची बोटं धरली, तशीच आवळत, सैल करत. त्यांनी ती बराच वेळ सोडवून घेतली नाहीत. आप्पा पाणी प्यायला गेले तेव्हा मी धीर करून विचारलं, "मॅडम, माझ्यात तुम्हाला काही दिसलंय का?"

"मी बघितलंच नाही."

"एकदाही नाही?"

खोटं बोलायला त्यांना जमत नसे. "पहिल्या दिवशी तू दारातून आलीस. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. सगळ्यांकडे बघते तसं तुझ्याकडेही बघितलं."

"मग काय दिसलं?"

"एक मुलगी वडिलांचा हात धरून येताना."

"एवढंच?"

"आधी दिसतं ते सांगायचं. एवढंच दिसलं."

मी अजून तपासून घेतलेलं नाही. त्यांच्या त्या उत्तरावर कधी विश्वास बसतो, कधी बसत नाही.

दारापासून फाटकापर्यंत लांबलचक मोकळं मैदान आहे. आप्पांना घेऊन निघाले तेव्हा एकाएकी मला माझी पावलं जाणवायला लागली. हात नीट हलतोय का, पाय सरळ पडतोय का. मॅडम दारात उभ्या असणार, आणि त्या काय बघतात हे मला ठाऊक होतं. राहवेना, म्हणून मी मागं वळून पाहिलं. त्या दारातच होत्या, पण आमच्याकडे पाठ करून, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. शिपाई त्यांच्याकडे नवलानं बघत होता.

"बाई भिताडाकडं काय बगत्यात गं?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही आप्पा. चला."

मी त्यांचा हात धरला आणि फाटकापर्यंत माझ्या चालीनं चालत गेले.