मैनाबाईंनी चहाला नाही म्हटलं तो दिवस

मैनाबाई नर्सचं अर्धं आयुष्य आमच्या गावाच्या चहात गेलं. वारासिवनीहून धानाच्या बांध्या ओलांडत त्या दर मंगळवारी येतात, बावीस वर्षं झाली. आधी सायकल होती, आता स्कूटी आहे. डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, मोठ्या तबकडीचं. रजिस्टर घेऊन आलेल्या बाईला चहाशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही आमच्या गावाची रीत. तोही पावडरच्या दुधाचा चहा नाही, समोर धार काढून केलेला. मैनाबाईंनी तो कधी नाकारला नाही.

त्या मंगळवारी त्या गोदाबाईकडे आल्या. गोदाबाईची सून मयुरी चौथ्या महिन्यात होती. मैनाबाईंनी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं, "ही सिफिलिसची तपासणी. जुनी माणसं गरमी म्हणतात, ती. नवरा-बायकोच्या संबंधातून लागते आणि पोटातल्या लेकराले त्रास देते. सगळ्याच गरोदर बायांची करतो." बोट टोचून कार्डावर रक्ताचा थेंब टाकला, वरून औषधाचे थेंब. एक रेघ आली की ठीक, दोन आल्या की शंका. पंधरा मिनिटांनी पाहायचं, वीसच्या पुढं मुळीच नाही.

कोंबडीनं चोच मारू नये म्हणून कार्ड ओसरीवर सुपाखाली ठेवलं, आणि तेवढ्यात गोदाबाई चरवी घेऊन निघाली.

"बसा नं नर्सबाई. म्हैस आता धार देते."

म्हैस देईना. गोदाबाईनं तिला कुरवाळलं, शिव्या दिल्या, मेलेल्या सासूची शपथ घातली. मैनाबाई हसत हसत रेडकू सोडायला गेल्या. म्हैस पान्हवली तेव्हा चाळीस मिनिटं उलटली होती. चहा चुलीवर चढवून गोदाबाईनं सहज सूप उचललं आणि किंचाळली.

"माय वं! दोन रेघा!"

सुनेला दिवस गेले तेव्हा तिनं असंच कार्ड पाहिलं होतं. दोन रेघा म्हणजे लेकरू, एवढं तिला ठाऊक. आता एक लेकरू पोटात असताना आणखी दोन रेघा!

"जुळं हाय! प्रीतम, गूळ आण रे, जुळं हाय!"

प्रीतम, तिचा मुलगा, राइस मिलचा ट्रक चालवतो. आठ-आठ दिवस रायपूरकडे असतो, त्या दिवशी नशिबानं घरी होता. मायलेक गुळाची भेली फोडत गल्लीत धावले. बाहेर कोणीतरी थाळी बडवू लागलं.

आत मयुरी भिंतीला टेकली होती. ती ओसरीवरून उचलून आणलेल्या कार्डाकडे पाहत होती आणि प्रीतमच्या फेऱ्या मोजत होती.

"नर्सबाई, खरं सांगा. हे यायच्याकडून आलं काय?"

"अजून काहीच आलं नाही," मैनाबाई म्हणाल्या. "चूक माझी हाय. वेळेत आलेली फिकट रेघ बी रेघच असते. पण वेळ टळल्यावर कार्ड वाळते, तेव्हाची रेघ खरी धरायची नाही. हे घे घड्याळ. आता तूच पाह्य."

दुसरं बोट, दुसरं कार्ड. मयुरीनं ते मोठं घड्याळ दोन्ही हातांत धरलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. गोदाबाई बशी भरून आत आली.

"घ्या नर्सबाई, साय टाकून आणला."

"नाही."

गोदाबाईनं बशी मागं घेतली. "काहून? माह्या घरचा चहा बाटला काय?"

"आधी कार्ड, मंग चहा."

ही बातमी जुळ्यांच्या बातमीपेक्षा जोरात पळाली. मैनाबाईंनी चहा नाकारला! थाळी थांबली. दारात बाया जमल्या, मैनाबाईंनी दार आतून लावलं.

पंधरा मिनिटं. एक रेघ. एकच, ठसठशीत.

मयुरी हसली. पदर तोंडात कोंबून हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. "आता यायचं बी बोट टोचा!"

प्रीतम ऐटीत आला, थेंबभर रक्त पाहून तांदळाच्या पोत्यावर आडवा झाला. बायकोनं सुपानं वारा घातला. त्याचीही एकच रेघ निघाली. तरी मैनाबाईंनी दोघांचं रक्त शिशीत घेतलं. "कार्ड इशारा देते, पक्कं प्रयोगशाळा सांगते." शुक्रवारी तिथूनही निरोप आला, दोघंही ठीक.

त्या मंगळवारी चहा पार थंड झाला होता. मैनाबाईंनी तो तसाच पिऊन टाकला. गोदाबाईला इतकंच कळलं की दुसरी रेघ गेली.

"मंग दुसरं लेकरू?"

"एकच हाय, आई," मयुरी म्हणाली.

गोदाबाईनं गल्लीकडे पाहिलं. अख्खं गाव गूळ चाटत होतं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दुसऱ्या लेकराचा गूळ आधीच वाटून झाला, असं समजा. आता तुमी दोघं पाहून घ्या."