मानेच्या शिरेहून जवळ

यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. खांदा कॉलनीतल्या आमच्या घरापासून दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर. एकदा मशीन सुरू झालं की मी चार तास बाहेरच्या बाकावर. तिथेच मला दोघी भेटल्या. एक तळोज्याच्या भाभी, त्यांच्या नवऱ्याचीही तीच वेळ. दुसऱ्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मावशी, निवृत्त शिक्षिका; त्या धाकट्या भावाला घेऊन यायच्या.

मी पर्समधला गणपतीचा छोटा फोटो मांडीवर घेऊन बसायचे. मावशींनी एकदा विचारलं, देव दिसल्याशिवाय त्याच्याशी बोलता येत नाही का? टोमणा नव्हता, म्हणून मीही खरं ते सांगितलं. मला देव समोर लागतो. त्याला मी न्हाऊ घालते, जेवायला वाढते, रागावले तर दोन दिवस त्याच्याशी बोलत नाही. मावशी मनापासून हसल्या. त्यांच्याकडे मूर्ती नाही, तसबीर नाही, देवाचं खरं नावसुद्धा त्या उच्चारत नाहीत. "एवढं मोठं नाव आपल्या तोंडात मावायचं नाही," त्या म्हणाल्या.

शनिवार त्यांचा शब्बाथ, काहीही काम न करण्याचा दिवस. तरी भावाला घेऊन त्या शनिवारीही यायच्या. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचाच, असं त्यांचा धर्मच सांगतो म्हणे. माणसाच्या जिवापुढे स्वतःचा दिवस सोडून देणारा तो देव मला फार आवडला.

भाभी कमी बोलायच्या. एका सकाळी आत अचानक धावपळ सुरू झाली. यजमानांचं बीपी एकदम खाली गेलं होतं. दार लावून घेतलं गेलं. मी पर्समध्ये फोटो शोधू लागले, पण तो सापडेना. मावशी डोळे मिटून हिब्रूत प्रार्थना पुटपुटू लागल्या. भाभींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"राहू दे ताई," त्या म्हणाल्या. "कुराणात सांगितलंय, अल्लाह माणसाच्या मानेच्या शिरेपेक्षा जवळ असतो. भाईंजवळ तो आहेच. डॉक्टरांच्या आधीपासून."

त्या वाक्याने मला उभं राहता आलं.

अर्ध्या तासाने सिस्टर बाहेर आल्या. बीपी सावरलं होतं, पेशंट चहा मागत होता. मी त्यांचे हात धरले, तर त्यांनी गळ्यातल्या क्रूसाकडे बोट दाखवलं. त्यांच्या देवाने स्वतः अंगावर वेदना सोसल्यात, म्हणून पेशंटच्या उशाशी उभं राहताना त्यांना एकटं वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. कळवळणारा, जखमी होणारा देव! मी तसा विचार कधी केलाच नव्हता.

संध्याकाळी यजमानांना हे सगळं सांगत बसले. मला चौघींचेही देव थोर वाटत होते, आणि कोण अधिक थोर हे ठरवावंसंच वाटत नव्हतं.

"मला कुणी दिसलं नाही," यजमान म्हणाले. "सिस्टरचा हात तेवढा गार लागत होता कपाळाला. बरं वाटलं."